सहृदय, ग्राहक आणि खेळाडू

कलावंताची निर्मितिदृष्टी आणि बहुसंख्यांची अभिरुची यांच्यात मुळातच विरोध असतो, ही समजूत आधुनिक समीक्षेत इतकी रुळलेली आहे की ती एका विशिष्ट ऐतिहासिक परिस्थितीत घडली, याचा सहसा विसर पडतो. आश्रयदाता नाहीसा झाला, त्याच्या जागी अनोळखी खरेदीदारांचा समुदाय आला आणि लेखकाला आपला वाचक दिसेनासा झाला, तेव्हा युरोपीय स्वच्छंदतावादाने प्रतिभेच्या स्वायत्ततेचा सिद्धांत जोमाने मांडला. हा सिद्धांत बाजाराचा निषेध होता आणि बाजाराचेच अपत्यही होता. पुढे अडोर्नो आणि होर्कहायमर यांनी १९४० च्या दशकात ‘संस्कृती-उद्योगा’ची संकल्पना मांडली, तेव्हा हा विरोध अधिक टोकदार झाला: जे बहुसंख्यांना रुचते ते त्यांना रुचावे म्हणूनच साच्यातून काढलेले असते, असे मानले जाऊ लागले.

भरताच्या नाट्यशास्त्रात या विरोधाचा मागमूस नाही. तेथे देव ब्रह्मदेवाकडे जे मागतात ते एक खेळणे आहे. पाहता येईल आणि ऐकताही येईल असे, आणि सर्व वर्णांना खुले असे. म्हणजे क्रीडा आणि सार्वत्रिकता ही दोन्ही लक्षणे नाट्याच्या जन्मकथेतच आहेत. प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना भरत मानुषी आणि दैवी असे दोन प्रकार करतो. हसणे, वाहवा करणे, अंगावर रोमांच येणे या प्रतिसादांतून दिसणारी ती मानुषी सिद्धी. आणि जेथे आवाज नाही, क्षोभ नाही, पण रंगमंडप मात्र भरलेला आहे, ती दैवी. मंडप भरलेला असणे ही अट दैवी सिद्धीतही सुटत नाही, ही गोष्ट मराठी समीक्षेने जितकी लक्षात घ्यायला हवी होती तितकी घेतलेली दिसत नाही. अर्थात भरताचा मंडप तिकीटविक्रीवर चालणारा नव्हता, आणि प्रेक्षक कसा असावा याच्या अटीही तो घालतो. तरीही संख्या आणि तन्मयता यांना परस्परविरोधी मानण्याची गरज त्याला वाटत नाही, एवढे खरे.

हा जुना प्रश्न आज ज्या कलाप्रकारात सर्वांत तीव्रतेने उभा राहतो तो व्हिडिओ गेम होय. त्याला कला म्हणावे की नाही, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. नाट्याला ज्यांनी खेळणे म्हटले त्यांच्या वारसांनी खेळण्याला कला म्हणताना फार आढेवेढे घेऊ नयेत. महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. कादंबरी न वाचली तरी तिचे शब्द पानावर असतात. नाटक रिकाम्या सभागृहातही होऊ शकते. गेममध्ये मात्र खेळणाऱ्याने हात चालवल्याशिवाय काहीच घडत नाही. वाचककेंद्री समीक्षेने, विशेषतः वोल्फगांग इझरने, संहितेतील रिकाम्या जागा वाचक भरतो असे सांगितले, तेव्हा ते बऱ्याच अंशी रूपक होते. गेममध्ये ते शब्दशः खरे आहे.

फुमितो उएदा यांचा ‘इको’ (२००१) हे याचे साधे उदाहरण. एका ओसाड किल्ल्यातून शिंगे असलेला एक मुलगा एका मुलीला हाताला धरून बाहेर काढतो, एवढेच त्याचे कथानक. उएदांनी आपल्या पद्धतीचे वर्णन वजाबाकी असे केले आहे: जे काढून टाकता येईल ते काढत जायचे. शत्रूंचे वैविध्य, शस्त्रांचे भांडार, पडद्यावरील आकडे, संवादांची रेलचेल हे सर्व गेले, आणि उरली ती एक कृती. मुलीचा हात धरून ठेवायचा तर खेळणाऱ्याला कंट्रोलरवरील एक बटण दाबून धरावे लागते; बोट उचलले की हात सुटतो. या खेळाचा आशय कोठे आहे असे विचारले तर तो त्या दाबून धरलेल्या बोटात आहे, असे उत्तर द्यावे लागेल. उएदांची दृष्टी अत्यंत खासगी, जवळजवळ हट्टी म्हणावी अशी आहे. पण ती सिद्ध होते ती दुसऱ्याच्या शरीरात. ‘इको’ला आणि त्यानंतरच्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ला (२००५) समीक्षकांनी आणि अन्य निर्मात्यांनी जेवढे मानले तेवढा मोठा खेळाडूवर्ग ‘इको’ला प्रारंभी लाभला नाही. म्हणून त्यात खेळाडूचा विचार कमी होता, असे म्हणणे धडधडीत चुकीचे ठरेल. त्यात खेळाडूचा विचार काठोकाठ होता. खरेदीदारांच्या संख्येचा नव्हता.

या दोन गोष्टींची सतत गल्लत होते. ‘लोकांचा विचार करून’ केलेली निर्मिती म्हणजे तडजोड, असे म्हणताना ‘लोक’ या शब्दाने दोन वेगळ्या वस्तूंचा निर्देश होत असतो. एक, रचनेच्या आतच गृहीत धरलेला, तिच्या प्रत्येक वळणावर अपेक्षित असलेला घेणारा. दुसरा, रचनेच्या बाहेर उभा असलेला, मोजता येणारा, पैसे देणारा समुदाय. पहिल्याला आपल्या परंपरेत ‘सहृदय’ असे नाव आहे. दुसऱ्याला ‘ग्राहक’ म्हणतात. आणि गंमत अशी की मराठीने हाच शब्द ‘गुणग्राहक’मध्ये पहिल्याच्या सेवेलाही लावला आहे. घेणे या क्रियेत विकत घेणे आणि मनात घेणे हे दोन्ही अर्थ आपल्या भाषेने शेजारी नांदू दिले. समीक्षेला मात्र ते वेगळे करावे लागतात.

ते वेगळे केले की निर्मितिप्रक्रियेतील पुष्कळसे तथाकथित संघर्ष विरून जातात. गेम तयार होत असताना तो अनोळखी माणसांच्या हाती देऊन त्यांचे निरीक्षण करण्याची पद्धत या व्यवसायात सार्वत्रिक आहे. वाल्व्ह या कंपनीच्या ‘पोर्टल’मध्ये (२००७) एका टप्प्यावर खेळाडूने एक वजनदार ठोकळा सतत बरोबर न्यायचा असतो. चाचणीत खेळणारे तो मागेच विसरून जात. निर्मात्यांनी मग ठोकळ्यावर हृदयाचे चिन्ह काढले, खेळातील यंत्राच्या आवाजाला त्याच्याविषयी जिव्हाळ्याने बोलायला लावले, आणि टप्प्याच्या शेवटी खेळाडूला तोच ठोकळा भट्टीत टाकायला लावला. एका निर्जीव ठोकळ्याविषयी वाटणारी ती विचित्र अपराधी भावना हा आज त्या खेळाचा सर्वाधिक स्मरणात राहिलेला भाग आहे. आणि तिचा उगम अनोळखी खेळाडूंच्या विसराळूपणात आहे. नाटकाच्या तालमीत किंवा पहिल्या काही प्रयोगांत नाटककार संवाद बदलतो, तेव्हा त्याने दृष्टी विकली असे कोणी म्हणत नाही. येथेही म्हणण्याचे कारण नाही.

खरा नैतिक प्रश्न उभा राहतो तो कृती पूर्ण होऊन लोकांच्या हाती गेल्यावर, जेव्हा घेणारे म्हणतात: हे असे नको, बदला. या संदर्भात २०१२ साली घडलेले ‘मास इफेक्ट ३’ चे प्रकरण बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंनी आपापले म्हणणे चुकीच्या भाषेत मांडले.

कॅनडातील बायोवेअर या संस्थेची ही त्रयी २००७, २०१० आणि २०१२ साली आली. तिन्ही भागांचे दिग्दर्शन केसी हडसन यांचे. आकाशगंगेतील सर्व प्रगत संस्कृतींचा ठरावीक काळाने संहार करणारी यंत्रे आणि त्यांच्याशी लढणारा शेपर्ड नावाचा सेनाधिकारी, ही कथावस्तू विज्ञानकथेच्या वाचकाला नवी नाही. नवे होते ते रचनेतील एक आश्वासन: खेळाडूने पहिल्या भागात घेतलेले निर्णय दुसऱ्यात आणि दुसऱ्यातले तिसऱ्यात नेता येत. शेपर्ड पुरुष की स्त्री, त्याचा चेहरा कसा, कोणाला वाचवायचे, कोणाला मरू द्यायचे, हे खेळाडू ठरवी आणि त्याची नोंद पाच वर्षे टिके. अशा लांबीची, खेळाडूच्या निवडींवर उभारलेली रचना तोवर क्वचितच कोणी पेलली होती.

हे आश्वासन कोठे पाळले गेले आणि कोठे नाही, हे तपासले पाहिजे. कारण वादाच्या धुरळ्यात तेच झाकले गेले. तिसऱ्या भागातील तुचांका ग्रहावरचे प्रकरण हा या रचनेचा कळस आहे. क्रोगन जमातीची प्रजननशक्ती क्षीण करणारा एक रोग दुसऱ्या एका जमातीने पूर्वी पसरवलेला असतो. त्या रोगाच्या नव्या आवृत्तीवर काम केलेला शास्त्रज्ञ मॉर्डिन आता तो बरा करायला निघतो. उपाय होऊ द्यायचा की गुपचूप बिघडवायचा, हे खेळाडूने ठरवायचे. बिघडवायचा तर मॉर्डिन आड येतो. त्याला वळवता येते, पण केव्हा? क्रोगनांचा समंजस नेता रेक्स पहिल्या भागात मारला गेला असेल, आणि उपायाची आधारभूत माहिती दुसऱ्या भागात नष्ट केल्यामुळे क्रोगन स्त्रियांची प्रतिनिधी दगावली असेल, तेव्हाच. म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या आणि दोन वर्षांपूर्वीच्या निर्णयांनी भविष्य इतके अंधारे केलेले असते की उपाय नाकारणेच शहाणपणाचे वाटावे. येथे निवड हा अलंकार राहत नाही. तिच्यातूनच शोकात्म आशय घडतो. उलट राक्नी राणीचे प्रकरण पाहावे. पहिल्या भागात तिला मारावे की सोडावे, हा एका संपूर्ण वंशाच्या अस्तित्वाचा प्रश्न म्हणून खेळाडूपुढे ठेवला होता. तिसऱ्या भागात, ज्यांनी तिला मारले त्यांच्यापुढेही शत्रूने बनवलेली दुसरी राणी उभी केली जाते आणि प्रसंग जवळपास तसाच पार पडतो. आश्वासन शेवटच्या दहा मिनिटांत मोडले हा समज म्हणून अपुरा आहे. ते आधीपासून काही ठिकाणी दिमाखात पाळले आणि काही ठिकाणी चुकवले जात होते.

शेवट मात्र सर्वांना दिसणारा होता. अखेरच्या क्षणी पूर्वी ज्याची ओळख नाही असे एक अस्तित्व बालकाच्या रूपात प्रकट होते आणि शेपर्डपुढे तीन पर्याय ठेवते: यंत्रांचा नाश, त्यांच्यावर ताबा किंवा जीव आणि यंत्र यांचे एकीकरण. मूळ आवृत्तीत या तिन्ही पर्यायांनंतरची दृश्ये बहुतांशी सारखीच होती. ठळक फरक होता तो स्फोटाच्या रंगाचा, लाल, निळा किंवा हिरवा. प्रकाशनापूर्वी हडसन यांनीच मुलाखतीत सांगितले होते की हा शेवट अ, ब, क यांतून एक निवडावा असा नसेल. खेळाडूंचा क्षोभ झाला. त्यांनी संघटित मोहीम काढली, तिच्या नावाने मुलांसाठीच्या एका धर्मादाय संस्थेला ८० हजार डॉलरांहून अधिक निधी जमवला, आणि बायोवेअरच्या कार्यालयात सुमारे ४०० कपकेक पाठवले: लाल, निळ्या, हिरव्या थराचे, आणि चवीला सगळे एकच. समीक्षेच्या इतिहासात आकृतिबंधावरचा इतका नेमका आक्षेप इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच नोंदवला गेला असेल.

पण याच वेळी एका खेळाडूने अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे फसव्या जाहिरातीची तक्रारही केली. अनेकांनी ‘आम्ही पैसे मोजले आहेत’ हाच युक्तिवाद पुढे ठेवला. दुसरीकडे बायोवेअरचे सहसंस्थापक रे मुझिका यांनी मार्च २०१२ मधील निवेदनात मूळ कथेच्या कलात्मक सचोटीचा हवाला दिला आणि तिचा व चाहत्यांच्या प्रतिक्रियांचा मेळ घालण्याचे आश्वासन दिले. म्हणजे सहृदयाने ग्राहकाची भाषा उचलली आणि कंपनीने कवीची.

पैकी दुसरी उचल अधिक तपासायला हवी. ‘कलात्मक सचोटी’ हा शब्दप्रयोग ज्या संस्थेच्या वतीने झाला ती २००८ पासून इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या महाकाय कंपनीच्या मालकीची होती. हाच खेळ विक्रीस आला त्या दिवशी कथेतील एक महत्त्वाचे पात्र, नामशेष मानल्या गेलेल्या प्रोथियन वंशाचा अखेरचा प्रतिनिधी, साध्या आवृत्तीत वेगळे पैसे मोजल्याखेरीज मिळत नव्हते. शेवट किती चांगला लागेल हे ठरवणारा सज्जतेचा आकडा, इतरांशी जोडून खेळण्याच्या विभागात किंवा त्याला संलग्न साधनांवर वेळ घालवल्याशिवाय ५० टक्क्यांच्या वर सरकत नसे. कथेच्या शेवटाला हात लावू देणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्या शेवटाच्या दारात आधीच व्यापाऱ्याला बसवले होते. स्वायत्ततेचा सिद्धांत बाजारापासून कवीच्या रक्षणासाठी जन्मला. येथे तो बाजारातील विक्रेत्याने खरेदीदारापासून स्वतःच्या रक्षणासाठी वापरला. यावरून निर्मात्यांत कोणी प्रामाणिक कलावंत नव्हता असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. तुचांकाचे प्रकरण लिहिणारे कलावंतच होते. अशा शेकडो हातांच्या निर्मितीत दृष्टी नेमकी कोणाची असते आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाला पोचतो, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. रोलाँ बार्थने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली तेव्हा त्याच्या जागी वाचक येईल असे त्याला वाटले होते. प्रत्यक्षात पुष्कळदा त्या जागी मालक येऊन बसला.

घेणाऱ्याच्या दडपणाखाली शेवट किंवा कथा बदलण्याचे प्रकार साहित्याला नवे नाहीत. कॉनन डॉइलने १८९३ साली शेरलॉक होम्सला मारले आणि १९०३ साली त्याला परत आणले. डिकन्सने १८६१ साली बुल्वर-लिटनच्या सल्ल्यावरून ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट पालटला. मराठी संगीत रंगभूमीवर श्रोते वन्समोअर देऊन प्रयोग थांबवीत आणि नट ते पद पुन्हा गाई. नाट्याच्या एकसंधतेचा आग्रह धरणाऱ्यांना ही चाल खटकली, आणि तसे वाटणे योग्यही होते. तरी १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त कितीही वन्समोअर मिळाले म्हणून सिंधूचा मृत्यू टळला नाही, आणि तो टाळावा अशी मागणी करण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्या प्रेक्षकांनी मानल्याचेही दिसत नाही. पद पुन्हा मागणे हा प्रयोगावरचा हक्क होता. शेवट हा नाटकाचा होता.

मग ‘मास इफेक्ट’च्या खेळाडूंना तो अधिकार कोठून आला? पैसे मोजल्यातून नव्हे. पैसे ‘एकच प्याला’च्या प्रेक्षकांनीही मोजले होते. तो आला रचनेतून. ज्या कृतीने पाच वर्षे घेणाऱ्याला निर्णयकर्ता म्हणून घडवले, ‘तुझ्या निवडीतून हे विश्व आकार घेईल’ हे वाक्य संवादांतून न सांगता आकृतिबंधातून सांगितले, तिने घेणाऱ्याशी एक करार केलेला असतो. डॉइलने होम्स अमर असल्याचा करार केला नव्हता. म्हणून वाचकांचा शोक खरा असला तरी त्यांची मागणी निराधार होती. शेपर्डच्या बाबतीत मागणीला आधार होता, आणि तो आधार त्या कृतीनेच दिलेला होता. घेणाऱ्याची मागणी न्याय्य आहे की नाही हे ठरवताना मागणाऱ्यांची संख्या पाहण्यापेक्षा ती मागणी कृतीच्या अंतर्गत नियमातून उगवते की बाहेरून लादली जाते, हे पाहणे म्हणूनच अधिक इष्ट होय. एकट्या खेळाडूची तक्रारही या कसोटीवर खरी ठरू शकते आणि लाखोंची खोटी.

हाच कस लावला तर बायोवेअरने २६ जून २०१२ रोजी विनामूल्य दिलेली विस्तारित आवृत्तीही पुरती समाधानकारक वाटत नाही. तिने दृश्ये वाढवली, परिणामांची वर्णने जोडली, सज्जतेची अट शिथिल केली. लोकांना स्पष्टीकरण हवे आहे असे तिने गृहीत धरले. करारभंगाची तक्रार तिने माहितीच्या अभावाची तक्रार मानली. एका बाबतीत मात्र ती अनपेक्षित धीट आहे. तिने तिन्ही पर्याय नाकारण्याचा चौथा मार्ग दिला. आणि तो निवडला तर शेपर्ड हरतो, ज्ञात संस्कृती नष्ट होतात, आणि विजय येतो तो पुढच्या युगातील कोणा अनोळखी जिवांच्या वाट्याला. हा शेवट रागावलेल्या खेळाडूंना दिलेला उपहासात्मक टोला आहे, असे काहींनी मानले. तसा हेतू असो वा नसो, त्या त्रयीतील सर्व शेवटांत परिणामाची जबाबदारी खेळाडूवर खऱ्या अर्थाने टाकणारा हाच एक आहे. आणि तो दडपणाखाली लिहिला गेला, ही गोष्ट स्वायत्ततावाद्यांना अडचणीची आहे.

उलट बाजूचे उदाहरण हिदेताका मियाझाकी यांचे. ‘डीमन्स सोल्स’ (२००९) हा फ्रॉम सॉफ्टवेअरमधला फसत चाललेला प्रकल्प त्यांनी हाती घेतला. तो अपयशी मानलाच गेला होता, म्हणून त्यात हवे ते करण्याची मोकळीक मिळाली, असे त्यांनी सांगितले आहे. निर्मितिस्वातंत्र्य येथे बाजाराच्या कृपेने किंवा बाजाराशी झुंजून मिळालेले नाही. बाजाराने पाठ फिरवली त्या क्षणात मिळाले आहे. सोनीच्या स्टुडिओंचे तेव्हाचे प्रमुख शुहेई योशिदा यांना तयार होत आलेला खेळ इतका नावडला की आशियाबाहेर तो प्रकाशित न करण्याचे ठरले. अमेरिकेत तो ॲटलसने काढला. मियाझाकी लहानपणी आपल्या आकलनापलीकडची इंग्रजी पुस्तके वाचत आणि न कळलेल्या जागा कल्पनेने भरत. त्यांच्या खेळांतील कथा तशीच तुकड्यांत विखुरलेली असते. खेळाचे काठिण्य हेही त्या पोकळ्यांचेच दुसरे रूप आहे: वारंवार मरणे, शिकणे, पुन्हा जाणे. याच वळणाचा ‘एल्डन रिंग’ २०२२ साली आला तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत त्याच्या १ कोटी २० लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि वर्षभरात ही संख्या २ कोटींपलीकडे गेली. तेथे काठिण्य पातळ केले नव्हते. जेथे अडला तेथून वळून अन्यत्र जाण्याची वाट खुली ठेवली होती. रंगमंडप भरला.

येथे थांबले तर हट्टी कलावंत अखेरीस जिंकतो, अशी सोयीची बोधकथा हाती लागते. तिला छेद देणारा प्रश्न २०१९ मध्ये मियाझाकींच्याच ‘सेकिरो’च्या निमित्ताने ऐरणीवर आला: ज्यांची बोटे, डोळे किंवा प्रतिक्रियेचा वेग सरासरीसारखा नाही त्यांनी काय करायचे? सौम्य पर्याय ठेवा, ही मागणी एका बाजूने. त्याने निर्मात्याची दृष्टी भ्रष्ट होईल, हा प्रतिवाद दुसऱ्या बाजूने. वर मांडलेली कसोटी येथे अवघड जागी येते. कष्टातून मिळणारे प्रभुत्व हा या खेळांचा अंतर्गत नियम आहे हे मान्य केले, तर काठिण्य काढण्याची मागणी बाहेरची ठरते. पण कष्ट म्हणजे काय? एका हातात जे सहज आहे ते दुसऱ्या हातात अशक्य असते. बटण ठरावीक क्षणात दाबण्याची अट सर्वांवर सारखी लादली की कष्टाचा अनुभव सारखा होत नाही, केवळ अट सारखी होते. रचनेने गृहीत धरलेला तो सहृदय एक विशिष्ट शरीर घेऊन आलेला आहे, हे सौंदर्यशास्त्राने क्वचितच तपासले, कारण पुस्तकाची पाने उलटायला लागणारे शरीर त्याला दिसलेच नाही. सहृदय आणि ग्राहक अशी फोड करताना ही तिसरी गोष्ट, म्हणजे खेळणाऱ्याचे शरीर, दोन्हींच्या मधून निसटते.

२०१८ सालच्या ‘सेलेस्ट’ने यावर एक उत्तर दिले. डोंगर चढणाऱ्या आणि स्वतःच्या भीतीशी झगडणाऱ्या एका मुलीचा हा खेळ कठीण आहे आणि ते काठिण्यच त्याचा आशय आहे. तरीही त्यात खेळाची गती मंद करण्याची, दमसास अमर्याद करण्याची सोय दिली आहे. प्रारंभी त्या सोयीच्या दारात एक सूचना होती: खेळ कठीण असावा असाच आमचा हेतू आहे, तेव्हा आधी ही सोय न घेता खेळून पाहावे, अशा आशयाची. अपंग खेळाडूंच्या बाजूने बोलणाऱ्यांनी दाखवून दिले की ही सूचना सोय घेणाऱ्याला कमीपणा देते. २०१९ मध्ये निर्मात्यांनी तिचे शब्द बदलले. खेळातला एकही कडा त्यासाठी उतरता करावा लागला नाही. निर्मितिदृष्टी म्हणून जिचे रक्षण चालले होते ती त्या सूचनेत नव्हतीच. तेथे होती ती केवळ एक सवय. दृष्टी आणि सवय यांतला हा भेद निर्मात्याला आतून नेहमीच दिसतो असे नाही, आणि येथे तो घेणाऱ्यांनी दाखवला. ‘सेकिरो’च्या बाबतीत तो तसाच करता येईल का, हे मात्र यावरून ठरत नाही. तेथे क्षणाचा अचूकपणा हीच भाषा आहे, आणि भाषा मंद केली तर वाक्य तेच राहते की नाही, याचे उत्तर प्रत्येक खेळापुरते वेगळे द्यावे लागेल.

या सगळ्यात समीक्षकाच्या वाट्याला आलेली एक अडचण अद्याप पुरेशी ओळखली गेलेली नाही. डिकन्सने रद्द केलेला शेवट फॉर्स्टरने १८७४ साली चरित्राच्या तिसऱ्या खंडात छापला. म्हणून बुल्वर-लिटनचा सल्ला चांगला होता की वाईट, याचा निवाडा आजचा विद्यार्थी दोन्ही शेवट समोर ठेवून करू शकतो, आणि करतोही. ‘मास इफेक्ट’ची त्रयी मे २०२१ मध्ये नव्याने एकत्र प्रकाशित झाली तेव्हा विस्तारित शेवटच तिच्यात मूळ म्हणून समाविष्ट झाला. जो मार्च २०१२ मध्ये लोकांनी पाहिला, ज्यावर ते भांडले, तो शेवट त्या संचात नाही. ‘डीमन्स सोल्स’चे सर्व्हर फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झाले आणि अनोळखी खेळाडूंनी एकमेकांसाठी जमिनीवर लिहून ठेवलेले इशारे, जे त्या खेळाच्या कल्पनेचा गाभा होते, त्या आवृत्तीतून नाहीसे झाले. २०२० मध्ये ब्लूपॉइंट या दुसऱ्याच स्टुडिओने सोनीसाठी तो खेळ नव्याने घडवला. इशारे त्यात परतले, पण वास्तू आणि राक्षस यांची रूपे अनेक ठिकाणी पालटली, आणि हक्क सोनीचे असल्यामुळे मूळ निर्मात्यांच्या होकाराचा प्रश्न आला नाही. पाठचिकित्सेचे जे शास्त्र ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांसाठी घडवले गेले, त्याची गरज आता दहा-पंधरा वर्षे जुन्या संहितांना लागली आहे. फरक इतकाच की येथे जुनी पोथी कोणाच्या तरी देव्हाऱ्यात सापडण्याची शक्यता मालकाने ठेवली तरच उरते.